धातूंच्या जटिल संयुगांची 'प्रस्तावित रचना' : एक चिकित्सा

रसायनशास्त्राच्या महाविद्यालयीन संशोधनात धातूंच्या जटिल संयुगांना जे स्थान लाभले आहे, ते फार थोड्या विषयांच्या वाट्यास आले असेल. त्याची कारणे उघड आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुणे विद्यापीठाच्या परिवारात जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालये आहेत. नगरचे अहमदनगर महाविद्यालय १९४७ सालचे, संगमनेरचे महाविद्यालय १९६१ सालचे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी जुन्या प्रबंधांच्या मुखपृष्ठांवर 'अहमदनगर' हेच नाव राहणार. अशा ठिकाणच्या रसायनविभागास जे संशोधन झेपते, त्यात हा विषय चपखल बसतो. काचेची साधी भांडी, अल्कोहॉल, एखादे अल्डिहाइड, एखादे अमाइन आणि तांबे, निकेल, कोबाल्ट, मँगॅनीज, जस्त ह्यांची क्षारे एवढी सामग्री असली की काम सुरू होते. थोड्याच तासांत चंबूच्या तळाशी हिरवा, तपकिरी किंवा केशरी साका बसतो, आणि नवे संयुग हाती आल्याचा आनंद विद्यार्थ्यास मिळतो. हा आनंद खोटा नाही. प्रश्न आहे तो त्यानंतर लिहिल्या जाणाऱ्या वाक्यांचा.

प्रस्तुत चिकित्सेचा विषय कोणी एक लेखक अथवा कोणा एका विभागाचा प्रबंध नव्हे. महाराष्ट्रात आणि भारतात इतरत्रही हा एक लेखनप्रकारच बनला आहे आणि त्याचा साचा ठरून गेला आहे. प्रथम लिगंडाची कृती येते, मग धातूच्या क्षाराशी त्याची अभिक्रिया. त्यानंतर मूलद्रव्यांचे शेकडा प्रमाण, विद्युत्-संवाहकता, अवरक्त वर्णपट, चुंबकीय परिबल, दृश्य-जंबुपार वर्णपट, ऊष्मा-वजन विश्लेषण. शेवटी काही सूक्ष्मजंतूंवरील परिणाम. उपसंहारात एक आकृती असते व तिच्याखाली 'प्रस्तावित रचना' हे शब्द असतात. ह्या दोन शब्दांवर किती भार टाकला जातो आणि तो पेलण्याइतका पुरावा वर आलेला असतो काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

मराठी भाषेत 'सिद्ध करणे' ह्या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. स्वयंपाक सिद्ध होतो तेव्हा तो तयार होतो. प्रमेय सिद्ध होते तेव्हा ते शंकेच्या पलीकडे जाते. जटिल संयुगांवरील लेखनात हे दोन अर्थ नकळत एकमेकांत मिसळतात. पदार्थ सिद्ध केला, म्हणून त्याची रचनाही सिद्ध झाली, असा भास निर्माण होतो. वास्तविक पहिले काम हाताचे आहे आणि दुसरे काम तर्काचे. पहिले उत्तम साधूनही दुसरे अपुरे राहू शकते. ह्या शास्त्राच्या इतिहासात ह्याचे ठळक उदाहरण आहे.

कोपनहेगनचे जोर्गेनसेन हे कोबाल्ट-अमोनिया संयुगांच्या कृतीत अत्यंत निष्णात होते. त्यांनी तयार केलेल्या संयुगांची शुद्धता त्यांच्या विरोधकांनीही मान्य केली होती. तथापि अमोनियाचे रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात, हा त्यांचा सिद्धांत टिकला नाही. १८९३ साली आल्फ्रेड वेर्नर ह्यांनी मांडलेला विचार टिकला, आणि त्याचे कारण त्यांची विचारपद्धती होय. एका कोबाल्टभोवती चार अमोनिया व दोन क्लोरीन असे सहा घटक असतील, तर त्यांची मांडणी सपाट षट्कोनात, त्रिकोणी लोलकात किंवा अष्टफलकात होऊ शकेल. पहिल्या दोन मांडण्यांत प्रत्येकी तीन समघटक संभवतात. अष्टफलकात केवळ दोन. म्हणजे वेर्नर ह्यांनी आपली आवडती आकृती काढून तिला अनुकूल माहिती गोळा केली नाही. शक्य असलेल्या सर्व आकृत्या शेजारी ठेवल्या आणि त्यांच्यात भेद करील असा प्रश्न निवडला. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइडाचा किती भाग साक्याच्या रूपाने पडतो हे पाहिले : सहा अमोनिया असता तीन, पाच असता दोन, चार असता एक. मिओलाटी ह्यांच्यासह मोजलेली संवाहकता ह्याच क्रमाने उतरत गेली.

एवढ्याने वाद मिटला नाही, हे विशेष. अमोनियाच्या श्रेणीतील जांभळा समघटक कोणी पाहिलेला नव्हता. तो वेर्नर ह्यांनी १९०७ साली तयार केला, तेव्हा जोर्गेनसेन ह्यांनी आपला सिद्धांत सोडला. पुढे १९११ साली परस्परांच्या प्रतिबिंबासारखी दोन रूपे वेगळी करण्यात आली. त्यावर, हा गुण संयुगातील कार्बनी भागामुळे आला असेल, अशी शंका निघाली. म्हणून १९१४ साली कार्बनाचा लवलेशही नसलेल्या, जोर्गेनसेन ह्यांनीच प्रथम तयार केलेल्या संयुगाची अशी दोन रूपे वेर्नर ह्यांनी वेगळी केली. नोबेल पारितोषिक आदल्या वर्षीच मिळाले होते. तरी उरलेल्या एका शंकेचे उत्तर देणे त्यांना आवश्यक वाटले. त्यांच्यापाशी क्ष-किरणांचे यंत्र नव्हते. साधनांच्या उणिवेचे कारण पुढे करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

आता रूढ साच्यातील पुराव्यांची एकेक करून तपासणी करणे युक्त होईल. सॅलिसिलाल्डिहाइड आणि अ‍ॅनिलीन ह्यांपासून मिळणारे शिफ-क्षारक व त्याचे तांब्याशी बनणारे संयुग हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. दोन लिगंड व एक तांबे धरून त्याचा रेणुभार ४५६.०१ येतो, कार्बन शेकडा ६८.४८, हायड्रोजन ४.४२, नायट्रोजन ६.१४ व तांबे १३.९४. त्यात पाण्याचा एक रेणू असेल तर कार्बन ६५.८८, हायड्रोजन ४.६८, नायट्रोजन ५.९१ व तांबे १३.४१ असे आकडे येतात. विश्लेषणातील ०.४ पर्यंतचा फरक क्षम्य मानण्याची प्रथा आहे. ह्याचा अर्थ असा की, नायट्रोजनाचा आकडा पाणी आहे की नाही हे सांगूच शकत नाही. दोन पर्यायांतील अंतरच ०.२३ आहे. हायड्रोजनाचीही तीच गत. तांब्याच्या आकड्यातील अंतर ०.५३, तोही काठावरचाच साक्षीदार. निर्णय देऊ शकतो तो कार्बन, कारण तेथे अंतर २.६० आहे. असे असता कित्येक तक्त्यांत धातू व नायट्रोजन एवढेच दोन आकडे देऊन त्याशेजारी पाण्याच्या रेणूंसह सूत्र छापलेले आढळते. आकडे बरोबर असतील. परंतु ते ज्या प्रश्नाचे उत्तर देतात, तो प्रश्न तेथे विचारलेला नसतो.

पाण्याचा निर्णय ऊष्मा-वजन विश्लेषणाने होऊ शकतो. एका रेणूच्या जाण्याने वर उल्लेखिलेल्या संयुगाचे वजन शेकडा ३.८० घटले पाहिजे. परंतु तेथेही एक रूढ समजूत पुराव्याची जागा घेते. अमुक तापमानाखाली गेलेले पाणी स्फटिकाच्या जाळीतले आणि त्यावर गेलेले पाणी धातूस बांधलेले, अशी एक रेषा आखली जाते. पाणी निघण्याचे तापमान तापवण्याच्या वेगावर, कणांच्या आकारावर आणि स्फटिकातील बंधांवर अवलंबून असते. म्हणून ती रेषा सूचक आहे, निर्णायक नाही. धुण्यासाठी वापरलेले अल्कोहॉलही मागे राहू शकते, आणि त्याचा विचार क्वचितच केलेला असतो. अल्कोहॉलाचा एक रेणू धरल्यास कार्बन ६६.९८ येतो व वजनातील घट शेकडा ९.१८ अपेक्षित असते. हा पर्याय खोडून काढण्यास नवे यंत्र लागत नाही, हिशेब लागतो.

संवाहकतेचे मोजमाप बहुधा डायमिथिल फॉर्मामाइडात करतात. गिअरी ह्यांच्या १९७१ सालच्या समालोचनानुसार ह्या विद्रावकात एकास एक प्रकारच्या विद्युत्-अपघटनी पदार्थाची संवाहकता ६५ ते ९० च्या दरम्यान असते. त्याहून पुष्कळ कमी आकडा आला की ऋणायन धातूस बांधलेला आहे, असा निष्कर्ष निघतो. परंतु हा विद्रावक स्वतःच धातूस बांधला जाणारा आहे. तो लिगंडास किंवा ऋणायनास हुसकावून त्याची जागा घेऊ शकतो. मापन विद्रावातील कणांचे होते. आकृती मात्र घन पदार्थाची काढली जाते. दोन्हींत रचना एकच राहते, हे गृहीत धरलेले असते, दाखवलेले नसते.

अवरक्त वर्णपटाचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. कार्बन-नायट्रोजन द्विबंधाचा १६२० प्रतिसेंटिमीटरच्या आसपासचा पट्टा दहा-वीस अंकांनी खाली सरकला, तर नायट्रोजन धातूस बांधला गेल्याची ती चांगली खूण आहे. परंतु ४०० ते ६०० ह्या टापूतील पट्ट्यांवर 'धातू-नायट्रोजन' व 'धातू-ऑक्सिजन' अशी नावे लिहिणे हे धाडसाचे आहे, कारण त्या टापूत लिगंडाचे स्वतःचे पट्टेही असतात. ३४०० च्या भागातील पसरट पट्टा तर पोटॅशियम ब्रोमाइडाच्या टिकलीने हवेतून शोषलेल्या दमटपणाचाही असू शकतो. पावसाळ्यात घेतलेल्या वर्णपटावरून संयुगात पाणी असल्याचा निष्कर्ष काढताना निदान कोऱ्या टिकलीचा वर्णपट शेजारी असावा.

सर्वांत मोठा भार पडतो तो चुंबकीय परिबलावर. येथे धातूधातूंत भेद केला पाहिजे. कोबाल्टाच्या बाबतीत अष्टफलकी संयुगांचे परिबल साधारणतः ४.७ ते ५.२ आणि चतुष्फलकी संयुगांचे ४.२ ते ४.७ बोर मॅग्नेटॉन असते. त्यात रंगाची साक्ष मिळाली तर निष्कर्षास बळ येते. तांब्याचे तसे नाही. एकाच अयुग्मित इलेक्ट्रॉनामुळे त्याचे परिबल बहुतेक आकृत्यांत १.८ ते २.२ ह्याच मर्यादेत राहते. १.९ हा आकडा आला म्हणून रचना चौरस आहे, असे लिहिणे म्हणजे माणसाला दोन हात आहेत ह्यावरून त्याचे गाव सांगणे होय. तांब्याचा दृश्य वर्णपटही एका रुंद पट्ट्यात अनेक संक्रमणे झाकून ठेवतो.

निकेलची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. पॉलिंग ह्यांनी १९३१ साली चुंबकीय कसोटी मांडली. तिच्यानुसार चार बंधांचे निकेल प्रतिचुंबकीय असेल तर ते चौरस, समचुंबकीय असेल तर चतुष्फलकी, अशी वाटणी झाली. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी निकेलच्या मापनासाठी जो लाल डायमिथिल ग्लायॉक्सिमी साका तोलतो आणि ०.२०३२ ने गुणतो, तो ह्या वाटणीतील चौरस बाजूचा उत्तम नमुना आहे. परंतु निकेल-अ‍ॅसिटिल अ‍ॅसिटोनेट समचुंबकीय असल्यामुळे ते चतुष्फलकी मानले गेले आणि तसे ग्रंथांतूनही आले. १९५६ साली बुलेन ह्यांनी क्ष-किरणांनी त्याचा स्फटिक तपासला, तेव्हा त्यात तीन निकेल अणू एकत्र गुंफलेले असून प्रत्येकाभोवती सहा ऑक्सिजन असल्याचे दिसले. सूत्र बरोबर होते, परिबल बरोबर होते, विश्लेषण बरोबर होते. आकृती चुकीची होती. कारण रेणू एकेरी आहे हे सर्वांनी न विचारताच मान्य केले होते.

त्याउलट कॉपर अ‍ॅसिटेटचे उदाहरण पाहावे. त्याचे परिबल नेहमीच्या तापमानात एका इलेक्ट्रॉनास साजेशा १.७३ ह्या किमान आकड्याहूनही खाली, १.४ च्या जवळ येते. कलकत्त्याचे गुहा ह्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांत तापमान उतरत जाता चुंबकत्वाचा विचित्र ऱ्हास आढळला. तो आकडा अशुद्धतेच्या माथी मारून पुढे जाता आले असते. ब्लीनी व बॉवर्स ह्यांनी १९५२ साली त्याचा अर्थ लावला : तांब्याचे अणू जोडीने असले पाहिजेत. पुढच्याच वर्षी क्ष-किरणांनी तशी जोडी दाखवून दिली. न जुळणारा आकडा हाच तेथे बोलका ठरला. रूढ साच्यात अशा आकड्याची गत काय होते? 'किंचित कमी परिबल धातू-धातू अन्योन्यक्रियेमुळे असावे' ह्या एका वाक्यात त्याची बोळवण होते व खाली पुन्हा एकेरी रेणूचीच आकृती येते.

ह्या टीकेवर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, लेखक 'प्रस्तावित' म्हणतो. 'सिद्ध' म्हणत नाही. ही विनम्रता आहे आणि तिला दोष देणे अन्याय्य होय. परंतु प्रस्ताव हा शब्द सभेतल्या अर्थाने घेतला, तर त्यावर चर्चा अपेक्षित असते, उपसूचना अपेक्षित असते. ज्या लेखात दुसऱ्या एकाही रचनेचा उल्लेख नाही, तेथे प्रस्ताव कशापुढे ठेवला आणि तो कशाच्या तुलनेत ग्राह्य मानावा? शिवाय त्याच लेखाचा पुढे जेव्हा आधार घेतला जातो, तेव्हा 'प्रस्तावित' हा शब्द गळून पडतो आणि 'ह्या संयुगांची रचना अष्टफलकी आहे' एवढेच उरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एक-स्फटिकाच्या तपासणीची सोय महाविद्यालयात नसते; नमुने पुण्याला किंवा मुंबईला, पवईच्या आयआयटीसारख्या ठिकाणी पाठवावे लागतात, त्यास खर्च येतो व वाट पाहावी लागते. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ सालच्या नियमांनी पीएच.डी.पूर्वी निबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे केले होते; २०२२ सालच्या नियमांनी ती सक्ती काढली, पण पडलेली सवय एका अधिसूचनेने जात नाही. हे सर्व खरे आहे, आणि मर्यादित साधनांत काम करणाऱ्या विद्यार्थ्याविषयी सहानुभूतीच वाटली पाहिजे. तथापि साधन नसणे हा अपुरा निष्कर्ष काढण्याचा हक्क नव्हे. जे मोजले तेवढेच म्हणावे : 'दोन रचना संभवतात, उपलब्ध मापनांनी त्यांत निवड होत नाही.' ह्या वाक्याने प्रबंधाचे मोल कमी होत नाही. पुढच्या अभ्यासकास नेमके काम मिळते.

रचनेविषयीचा हा आग्रह केवळ पंडिती आहे काय? ह्याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेतांतच मिळते. अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस आला आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ह्या पट्ट्यातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा पीएच आठच्या आसपास वा त्याहून अधिक असतो. अशा जमिनीत उसाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, पुढे पांढुरकी होतात. शेतकरी 'केवडा पडला' असे म्हणतात. बेसॉल्टापासून झालेल्या ह्या मातीत लोह विपुल आहे. उणीव आहे ती मुळास घेता येईल अशा रूपातील लोहाची. हा प्रश्न मूलतः जटिल संयुगांच्या रसायनाचा आहे. राहुरीस १९६८ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. मातीतील उपलब्ध लोह व जस्त मोजण्यासाठी आज सर्वत्र वापरली जाणारी, लिंडसे व नॉर्व्हेल ह्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेली डीटीपीए पद्धती हीही एक लिगंडाची परीक्षाच आहे. तीत लोहासाठी दशलक्षांत ४.५ आणि जस्तासाठी ०.६ ही उणिवेची रेषा सामान्यतः मानतात.

फ्लोरिडातील आम्लधर्मी वाळूत लोह-ईडीटीए घातल्याने लिंबूवर्गीय झाडे हिरवी झाली, हे स्टुअर्ट व लेनर्ड ह्यांनी १९५२ साली दाखवले. तोच उपाय चुनखडीच्या जमिनीत लंगडा पडतो. हिशेब साधा आहे. ईडीटीएचा लोहाशी स्थिरांक सुमारे दहाच्या २५ व्या घाताइतका, कॅल्शियमशी केवळ १०.७ व्या घाताइतका. वरवर पाहता लोहाचे पारडे कितीतरी जड. परंतु पीएच आठ असता मातीच्या पाण्यातील मुक्त फेरिक लोह दहाच्या उणे २१ व्या घाताच्या आसपास उतरते, तर कॅल्शियम उणे तिसऱ्या घाताच्या आसपास असते. गुणाकार केला की लोहाच्या वाट्यास चौथा घात येतो, कॅल्शियमच्या वाट्यास जवळजवळ आठवा. चुना लिगंड हिरावून घेतो आणि लोहाचा गंज होतो. ईडीडीएचए ह्या लिगंडाचा लोहाशी स्थिरांक दहाच्या सुमारे ३५ व्या घाताइतका असून कॅल्शियमशी त्याचे सख्य अत्यल्प आहे. म्हणून त्याचे गडद लाल संयुग अशा जमिनीतही विरघळलेले राहते.

येथेच रचनेचा प्रश्न पिकाच्या मुळाशी येऊन भिडतो. ईडीडीएचए तयार होताना दोन प्रकार मिळतात. एकात दोन्ही फिनॉली गट ऑर्थो स्थानी असतात आणि सहाही टोकांनी लोहास धरतात. दुसऱ्यात एक गट पॅरा स्थानी असतो; तो लोहापर्यंत पोहोचतच नाही, आणि संयुग बरेच दुबळे राहते. दोन्ही लिगंडांचे रेणुसूत्र एकच. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन ह्यांचे प्रमाण तंतोतंत तेच. मूलद्रव्यांच्या विश्लेषणाने त्यांत भेद होणे अशक्य. ह्यासाठीच युरोपीय खतनियमांत केवळ लोहाचे प्रमाण न पाहता ऑर्थो-ऑर्थो प्रकाराचा भाग वेगळा पाहतात. भारताच्या १९८५ सालच्या खत नियंत्रण आदेशात लोह-ईडीटीएसाठी शेकडा १२ लोहाची किमान मर्यादा आहे. ती आवश्यक आहे. परंतु लोह किती हा एक प्रश्न आणि ते चुनखडीत टिकेल काय हा दुसरा. सूत्र जुळले म्हणून आकृती मानण्याची सवय प्रयोगशाळेत लागली, तर तिची किंमत बांधावर मोजावी लागते.

सूक्ष्मजंतूंवरील परिणामाच्या प्रकरणाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. लिगंडापेक्षा त्याचे धातू-संयुग अधिक परिणामकारक ठरल्याचे सांगून, धातूचा प्रभार वाटला गेल्याने संयुग मेदविद्राव्य होते व पेशीच्या आवरणातून आत शिरते, हा ट्वीडी ह्यांच्या नावावर चालणारा युक्तिवाद पुढे ठेवला जातो. तो खरा असू शकेल. परंतु तुलनेसाठी केवळ धातूचा क्षार लावून पाहिला होता काय? तांब्याचे क्षार स्वतःच बुरशीनाशक आहेत, हे द्राक्षबागाइतदारास सांगावे लागत नाही. शिफ-क्षारके पाण्यात विघटन पावू शकतात. तेव्हा पेशीपर्यंत पोहोचलेला पदार्थ आकृतीतला होता, हे कशावरून? सिसप्लॅटिनचे उदाहरण ह्या बाबतीत नित्य स्मरणात ठेवावे. तेच घटक, तेच प्रमाण. क्लोरीन शेजारी असले तर कर्करोगावर औषध, समोरासमोर असले तर तो गुण नाही. रोझेनबर्ग ह्यांच्या १९६५ सालच्या निरीक्षणातून निघालेल्या त्या औषधाचे मर्म रचनेत आहे, घटकांच्या यादीत नाही.

ह्या विषयाचे सामर्थ्य पुण्यातच दिसून आले आहे. सुभाष पाध्ये ह्यांनी, वेर्नर ह्यांचे इतिहासकार म्हणून विख्यात असलेल्या जॉर्ज कॉफमन ह्यांच्यासह, थायोसेमिकार्बाझोनांच्या धातू-संयुगांवर १९८५ साली लिहिलेले समालोचन ह्या क्षेत्रातील अभ्यासकांनी आधारभूत मानले आहे. अशा विस्तृत समालोचनाचा उपयोग असा की, विखुरलेली संयुगे एका प्रश्नाभोवती गोळा होतात : कोणत्या अणूने धातूस धरले आणि त्याने काय साधले. तो प्रश्न आधी आणि संयुग मागाहून, असा क्रम असला की कामास दिशा येते. लिगंड नवा आहे एवढ्याच कारणाने पाच धातूंबरोबर पाच संयुगे करणे ह्यात क्रम उलटा होतो.

मर्यादित साधनांत करता येण्याजोगे आणि पूर्ण निर्णय देणारे काम पुष्कळ आहे. पीएच-मापक, ब्युरेट व स्थिर तापमानाचे पात्र एवढ्यावर अनुमापनाने स्थिरांक काढण्याची रीत ब्येर्रम ह्यांनी १९४१ साली घालून दिली आणि अर्व्हिंग व रोसोट्टी ह्यांनी १९५४ साली ती सुलभ केली. धातू व लिगंड ह्यांचे विद्रावातील प्रमाण जोब ह्यांच्या १९२८ सालच्या पद्धतीने साध्या वर्णमापकावर ठरते. ह्या मार्गाने मिळणारा निष्कर्ष विद्रावाविषयीचा असतो आणि पुरावाही विद्रावाचाच असतो. त्यामुळे दोहोंत फट राहत नाही. संगमनेर, राहुरी किंवा श्रीरामपूरच्या प्रयोगशाळेने एखाद्या नव्या लिगंडास पीएच आठ असता, कॅल्शियमच्या उपस्थितीत लोह किती धरता येते एवढाच प्रश्न विचारला, तरी त्याचे उत्तर होकारी असो वा नकारी, त्याचा उपयोग दाराबाहेरच्या जमिनीस होईल. गवतवर्गीय पिकांची मुळे हेच काम स्वतः करतात. ताकागी ह्यांनी १९७६ साली ओट व भाताच्या मुळांच्या धावणात लोह धरणारी द्रव्ये दाखवली. सातूवरून नाव पडलेले म्युजिनीक आम्ल हे त्यांपैकीच, आणि तेही सहा टोकांनी लोहास धरते. उसाच्या मुळाने जो प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे, त्याहून चांगला संशोधनविषय ह्या जिल्ह्याच्या रसायनविभागास कोठून आणावा लागेल?

एवंच, जटिल संयुगांच्या लेखनात दोष आहे तो परिश्रमांचा नव्हे. चंबूपाशी घालवलेले दिवस, पुनःपुन्हा केलेले स्फटिकीकरण, काळजीपूर्वक घेतलेली वजने ह्यांचे मोल कायमच आहे. जोर्गेनसेन ह्यांचा सिद्धांत गेला, पण त्यांनी तयार केलेली संयुगे वेर्नर ह्यांच्याही उपयोगी पडली. उणीव आहे ती दोन संभाव्य आकृत्या शेजारी मांडून त्यांत निवड करणारा एक प्रश्न विचारण्याची. तो प्रश्न ज्या प्रबंधात असेल, त्यातील रचना 'प्रस्तावित' राहिली तरी हरकत नाही. तो नसेल, तर आकृती कितीही सुबक काढली तरी ती चित्रच ठरते.